शिळं पाणी

ऑक्टोबर मला कधीच आवडला नाही. पाऊस जातो, पण जाताना आवरून जात नाही. रिकाम्या प्लॉटवरचं गवत वरून पिवळं पडायला लागतं आणि खाली चिखल तसाच असतो. गणपती बोळवलेले असतात, दिवाळी यायची असते, आणि मधल्या पंधरवड्यात गेलेल्यांना जेवू घालायचं असतं. ऊन असं की तारेवरचं फडकं बघता बघता वाळतं आणि माणूस मात्र दिवसभर ओला. लोक ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात आणि पंखा वाढवतात. मी खिडकी लावून घेते. आता मी ऐरोलीला राहते, इथल्या संध्याकाळला पूर्वीसारखा वास नाही, तरी लावून घेते. यंदा आई याच दिवसांत गेली. तिला जाऊन महिनाही झालेला नाही, त्यामुळे यंदाचा ऑक्टोबर जरा जास्तच अंगावर आलाय.

मला आठवतो तो वास नव्वदच्या दशकातल्या नेरूळचा. आमचं रो-हाऊस होतं. पुढे स्कूटर उभी राहील एवढी जागा आणि मागे परसदार. परसदार म्हणजे एक पेरू, कपड्यांची तार, भांडी घासायची मोरी आणि भिंतीपलीकडे नाला. संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांच्या पट्ट्याकडून वास यायचा. कधी सडक्या अंड्यांचा, कधी नेलपॉलिशचा, कधी कसला ते सांगताच यायचं नाही. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे आणि आमच्याकडे कीव आल्यासारखं बघायचे. आम्ही काही बोलायचो नाही, कारण त्याच पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीवर आमचं घर चालत होतं. बाबा तिथे सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर होते. कंपनीचं घाण पाणी खाडीत सोडण्याआधी स्वच्छ करायचं, हे त्यांचं काम. त्या कामात त्यांचं नाक कधीच गेलं होतं. आईने फोडणी करपवली तरी त्यांना कळायचं नाही, आणि आई म्हणायची, “बरंय माझं, नावं ठेवणारं कुणी नाही.”

आईची एक शिस्त होती. सकाळी उठलं की आदल्या दिवशीचं पाणी ओतायचं. हंडा, कळशी, माठ, देवघरातला तांब्या, सगळं. चांगलं झाकलेलं, स्वच्छ पाणी, पण रात्र उलटली की तिच्या लेखी ते शिळं. थोडं तुळशीला, थोडं पेरूला, उरलेलं अंगणात. मग भांडी घासायची आणि नळ आला की ताजं भरायचं. ती साताऱ्याकडची. तिची आई आडावरून पाणी शेंदून आणायची, तरी सकाळी शिळं ओतायचीच. बाबा तिला चिडवायचे, “एका रात्रीत पाण्याला काय मिशा फुटतात गं?” आई म्हणायची, “तुम्ही तुमचा प्लांट सांभाळा, माझ्या हंड्यात डोकावू नका.”

त्या वर्षी पाऊस ओसरला आणि बाबांचं कामावर जाणं थांबलं. खोकला आधीपासून होताच. आता मोरीपर्यंत गेलं तरी त्यांना भिंतीला धरून उभं राहावं लागायचं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, “फुफ्फुसांत आता फार काही उरलेलं नाही. पुढचा पावसाळा धरून चालू नका.” मी आईला सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि निवडत होती ती मेथी निवडून संपवली. बाबांना कुणी काहीच सांगितलं नाही, पण त्यांना कळलं होतं. आम्ही तिघंच घरात, तिघांनाही सगळं ठाऊक, आणि जेवताना विषय निघायचा तो नळाला पाणी किती वाजता आलं याचा.

त्याच दिवसांत त्यांनी रद्दीवाल्याकडून एक जुनं इंग्रजी मासिक आणलं. त्यात परदेशातल्या कुणाच्या तरी परसदाराचे फोटो होते. एका टाकीत मासे. त्यांचं घाण झालेलं पाणी पंपाने वर चढवून खडीने भरलेल्या वाफ्यात सोडायचं. खडीत माती नाही, तरी भाजी वाढते, कारण माशांची घाण तिला खत होते. आणि खडीतून गाळून खाली पडणारं पाणी परत माशांना चालतं. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. आज याला ‘अ‍ॅक्वापोनिक्स’ म्हणतात, मोबाईलवर शेकडो व्हिडिओ आहेत, तरुण पोरं गच्चीवर करतात. तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. बाबा मात्र ती चार पानं देवाच्या पोथीसारखी उशाशी ठेवून झोपायचे.

“अहो, आता बसा की जरा निवांत,” आई म्हणाली.

“बसूनच करायचं काम आहे हे,” बाबा म्हणाले. “मासे पोहणार, झाडं वाढणार. मी नुसता बघणार.”

बसून करायचं काम कसलं. सगळं आम्हीच उचललं, मी आणि हसुराम. हसुराम बाबांच्या हाताखाली प्लांटवर हेल्पर होता. जवळच्याच खाडीकाठच्या गावातला. त्यांची भातजमीन नव्या शहरात गेली आणि बदल्यात त्याला कंपनीत नोकरी मिळाली. रविवारी तो बाबांकडे यायचा, पायरीवर बसायचा, चहा प्यायचा आणि फारसं बोलायचा नाही. तोच म्हणाला, कंपनीतले निळे ड्रम फुकट मिळतील, त्यातलाच एक टाकी म्हणून घेऊ. बाबांनी मान हलवली. “त्यात काय असतं ते मला विचार,” एवढंच म्हणाले. मग एक जुनी काळी पाण्याची टाकी आणली. तिचं तोंड कापून मोठं केलं. तिच्यावर लोखंडी मांडणी, मांडणीवर दोन मोठे टब, टबांच्या बुडाला भोकं. खदानीतून काळी खडी आणली. पंप म्हणून आमच्या बंद पडलेल्या कूलरची मोटर काढली. तिने एवढंसं पाणी वर चढायचं, पण चढायचं. बाबा खुर्चीत बसून सूचना द्यायचे, मध्येच खोकायचे आणि खोकला थांबला की तीच सूचना पुन्हा द्यायचे. नवशिक्याचा उत्साह म्हणतात तो मी पन्नाशी उलटलेल्या, मरायला टेकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर बघितला. मला त्याचा राग यायचा. वाटायचं, उरलेले दिवस आमच्याशी बोलायचं सोडून हा माणूस खडी काय निवडतोय.

टाकी भरली, पाणी काही दिवस तसंच ठेवलं. मग हसुरामने गावच्या तळ्यातली चिलापी माशांची पिल्लं दुधाच्या किटलीतून आणली. बोटाएवढी, राखाडी, अंगावर पुसट पट्टे. बाबा सकाळ-संध्याकाळ टाकीत डोकावत राहायचे. आठवडाभरात पाणी गढुळलं, वरती फेस धरायला लागला. बाबा म्हणाले, होतं असं सुरुवातीला, जरा धीर धरा. आणि एक दिवस मी त्यांना तपासायला दवाखान्यात घेऊन गेले. आई एकटी घरी होती.

आम्ही परत आलो तर परसदार लखलखत होतं. आईने पदर खोचून सगळी टाकी रिकामी केली होती. खडी टबांतून काढून ब्लीचिंग पावडर लावून घासली होती. टाकी आतून पुसली होती आणि नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरून त्यात मासे सोडले होते. नवऱ्याच्या हौसेची वस्तू तिने देवाच्या भांड्यासारखी उजळवली होती. “बघा,” ती म्हणाली, “किती दिवसांचं शिळं पाणी ते, वास मारत होतं. बिचारे कसे राहत असतील!” मासे तेव्हा वर येऊन तोंडं उघडत होते. तिला वाटलं, ताज्या पाण्याने खूश झालेत.

दुपारपर्यंत सगळे उलटे झाले. पांढरी पोटं वर.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मोरीच्या कट्ट्यावर बसले आणि बराच वेळ एक खडा हातात घेऊन फिरवत राहिले. आई दारात उभी, हात अजून ब्लीचिंगने पांढरे. शेवटी बाबा म्हणाले, “तू दह्याचं भांडं घासतेस, चांगलं करतेस. पण विरजणाची वाटीही घासलीस तर दही कशानं लावशील?” मग त्यांनी तिला समजावलं, शाळेत शिकवावं तसं. त्या शेवाळलेल्या खडीवर डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. माशांची घाण ते झाडांच्या खाण्यात बदलतात. ते जमायला आठवडे लागतात आणि नळाच्या पाण्यातल्या औषधाने क्षणात मरतात. ते औषध माशांनाही मारतं, पाणी दोन दिवस उघडं ठेवलं तरच उडून जातं. “पाणी जेवढं जुनं, तेवढं जिवंत,” ते म्हणाले. आई आयुष्यभर जे आपल्या आईकडून, सासूकडून शिकली, ते इथे उलटं निघालं होतं. तिने मासे गोळा करून पेरूखाली पुरले आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

रविवारी हसुराम आला. रिकामी टाकी बघून म्हणाला, “गेटवरचे हौदासारखाच झाला की, साहेब.”

बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की मला विचारावंच लागलं, कुठला हौद. मग हसुरामच बोलला.

“कंपनीचे गेटवर हौद हाय, पोरी. त्यान मासं. वर पाटी, आमचे शुद्ध केलेले पान्यान मासं जगतान. साहेब लोक इन्स्पेक्शनला आलं का तो हौद दाखवाचा. पन पानी आपलं नलाचं. दोन दिस उघरा ठेवलेला. मेलं मासं का मी बाजारातशी नवं आनाचो, पिशवीन घालून. तुजे बापानी पैसं द्याचे, मी आनाचे.” तो चहाच्या कपात बघत होता. “आन खरा पानी खारीन.”

बाबांनी मग सांगितलं, आईच्या आणि माझ्याकडे न बघता. प्लांट चालायचा तो कुणी तपासायला येणार असलं की. एरवी वीज खातो म्हणून बंद. भरतीची वेळ बघून व्हॉल्व्ह उघडायचा आणि जसंच्या तसं पाणी खाडीत सोडून द्यायचं. व्हॉल्व्ह उघडणारा हात त्यांचा. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं. “मी पाणी शुद्ध करतो असं तुला शाळेत निबंधात लिहायला लावलं होतं मी,” ते मला म्हणाले. ते खरं होतं. मला त्या निबंधाला बक्षीस मिळालं होतं.

हसुराम उठला. “लानपनी आमी खारीन निवट्या धराचो, चिखलातलं मासं,” तो म्हणाला. “चिखलान हात घातला का हातान यायच्या. माजे पोरांनी निवटी बघलेली पन नाय.” तो एवढं बोलला आणि चप्पल घालून निघून गेला. चहा अर्धा राहिला होता. मला वाटलं, आता हा परत यायचा नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तेव्हा मला कळलं, हे खडीचं वेड कशासाठी आहे. त्यांना भाजी नको होती. एकदा तरी आपल्या हातच्या पाण्यात मासा खरोखर जगलेला बघायचा होता, पाटी न लावता, नळाचं पाणी न भरता. आणि त्यासाठी त्यांच्याकडे पुढचा पावसाळासुद्धा नव्हता.

पुढच्या रविवारी हसुराम आला. डोक्यावर घमेलं, घमेल्यात तळ्यातले हिरवे, बुळबुळीत दगड, ओल्या गोणपाटाखाली झाकलेले. “विरजन,” तो आईला म्हणाला, कारण बाबांनी पूर्वी प्लांटवर त्यालाही तोच दृष्टांत दिलेला असणार. किटलीत पुन्हा पिल्लं होती. आईने घमेल्याला हळदीकुंकू लावलं नाही एवढंच, बाकी तिने ते दगड ज्या हातांनी घेतले ते बघून मला गलबलून आलं.

मग वाट बघणं सुरू झालं. बाबांना वास येत नव्हता, म्हणून आईला नाक केलं. ती सकाळी हंडा-कळशी ओतायची, तुळशीला पाणी घालायची आणि मग परसदारी जाऊन ओंजळभर टाकीचं पाणी नाकाशी धरायची. घरातलं सगळं शिळं पाणी ओतणारी बाई या एका शिळ्या पाण्याला जपायला लागली.

“कसला येतोय?” बाबा खुर्चीतून विचारायचे.

“झोंबतोय नाकाला.”

“माशांना कमी खायला घाला.”

दसरा गेला. ऊन तापत होतं, संध्याकाळी पट्ट्याकडून तो वास यायचाच, आणि दिवसाआड वीज जायची. वीज गेली की पंप बंद आणि मासे वर येऊन धापा टाकायचे. मग आम्ही दोघी आळीपाळीने तांब्याने पाणी उचलायचो आणि उंचावरून खडीवर ओतायचो. तांब्या, पुन्हा तांब्या. बाबाही एक तांब्या घ्यायचे, अर्ध्यावर यायचे आणि ठेवून द्यायचे. टाकीत धापा टाकणारे मासे आणि बाहेर धापा टाकणारा माणूस. मी हे गमतीने लिहीत नाही. मला तेव्हा खरंच समजायचं नाही, मी कुणासाठी पाणी ओततेय.

अशाच एका संध्याकाळी आईने ओंजळ नाकाशी धरली आणि थांबली. पुन्हा वास घेतला.

“मातीचा येतोय,” ती म्हणाली. “शेत नांगरल्यावर येतो तसा.”

बाबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “लागलं.” दही लागलं म्हणतात तसं.

त्यानंतर टाकी आपली आपण चालली. आईने मोरीतला अळू उपटून एका टबात लावला, दुसऱ्यात पुदिना आणि टोमॅटो. अळवाची पानं ताटाएवढी झाली. पाणी चहासारखं पारदर्शक तांबूस झालं आणि त्यात मासे तळहाताएवढे. बाबांना पाण्याचा रंग उजेडात बघायचा असायचा, म्हणून सरबताची एक रिकामी बाटली टाकीतल्या पाण्याने भरून त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. बाटली नुसती कशाला ठेवायची, म्हणून आईने तिच्यात मनीप्लांटची फांदी खोचली. आधी आई म्हणत होती, माशांच्या घाणीवर वाढलेलं देवाला कसं दाखवू. दिवाळीच्या पाडव्याला तिने त्याच अळवाची भाजी केली आणि नैवेद्य दाखवून मगच बाबांना वाढली. हसुराम जेवायला होता. त्याने टाकीत हात घातला, तर मासे हाताशी आले. तो हसला. त्या माणसाला मी एवढंच एकदा हसताना बघितलं.

जेवणं झाल्यावर बाबांनी आईला हाक मारली. मी भांडी उचलत होते. “हे पाणी बदलायचं नाही,” ते म्हणाले. “कमी झालं तर वरून थोडं घाल, शिळं करून. पण ओतायचं नाही. मी असलो-नसलो तरी.”

“काहीतरीच बोलू नका,” आई म्हणाली.

“हो म्हण.”

“नाही ओतणार,” आई म्हणाली.

थंडी पडायला लागली तेव्हा बाबा गेले. सकाळी, चहा मागून. आई चहा घेऊन आली तर ते गेलेले होते. तो चहा बराच वेळ स्टुलावर तसाच होता, त्यावर साय धरली होती, हे मला का आठवतं माहीत नाही.

गल्ली धावून आली. आमच्या रांगेतली माणसं कुठली कुठली, कुणी कोकणातलं, कुणी देशावरचं, पण मयताच्या घरी काय करायचं ते सगळ्यांना सारखं ठाऊक होतं. पुरुषांनी बांबू आणले, हसुरामने खांदा दिला. बाबांना नेलं आणि मग बायकांनी घर हातात घेतलं. शेजारच्या शिंदेकाकू पुढे होत्या. देवमाणूस. आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून प्रत्येक अडीअडचणीला धावून आलेल्या. घरात मयत झालं की भरलेलं पाणी ठेवत नाहीत, सगळं ओतून देतात, मग घर धुतात. आई पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती आणि मी तिचा हात धरून होते. मागून पाण्याचा आवाज येत होता. हंडा ओतला, कळशी ओतली, पिंप ओतलं. आवाज थांबेना. मला वाटलं, अंगण धूत असतील. किती धुतायत, वाटलं.

आई एकदम उठली. तिला कळलं होतं. ती मागच्या दारापर्यंत जाईतो टाकी आडवी झाली होती. शेवटचं पाणी मोरीतून नाल्याकडे चाललं होतं, ते तांबूस, मातीच्या वासाचं पाणी. शिंदेकाकू कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, “केवढी जड होती गं बाई. काळजी करू नको, मासे काढून ठेवलेत. मुके जीव ते. ताजं पाणी घालून ठेवलेत.” नळाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

हीच चूक आईने स्वतः केली होती, तेवढ्याच मायेने. ती बादलीपाशी बसली. तिला माहीत होतं, आता काही करता येण्यासारखं नाही.

नाला भिंतीपलीकडून सरळ खाडीला मिळायचा. बाबांनी इतकी वर्षं खाडीत जे सोडलं, त्यात खरोखर शुद्ध केलेलं पाणी एवढंच. तेही ते स्मशानात असताना गेलं. त्यांना हे सांगायला हवं होतं असं मला अजून वाटतं, म्हणजे चांगलं म्हणून की वाईट म्हणून, ते ठरवता येत नाही.

स्मशानातून परतलेल्या हसुरामने दारात पाय धुतले आणि बादली बघितली. खाली बसला, एक मासा उचलला, परत ठेवला. “ताजा पानी,” तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही. मग त्याने पेरूखाली खड्डा केला, आधीच्या मासोळ्या होत्या तिथेच, आणि सगळे पुरले. “वहिनी, मी परत आनतो मासं. विरजन पन आनतो,” जाताना तो म्हणाला.

“नको, भाऊजी,” आई म्हणाली.

संध्याकाळी काकू पुन्हा आल्या, पिठलं-भात घेऊन. स्वयंपाकघरात पातेलं ठेवताना त्यांना खिडकीतली बाटली दिसली. “ही राहिलीच की,” म्हणून त्यांनी हात पुढे केला.

“तिला हात लावायचा नाही.” आई एवढ्या मोठ्याने बोललेली मी कधी ऐकली नव्हती. काकूंनी हात मागे घेतला.

पुढे मला नोकरी लागली, नेरूळचं घर विकलं, ऐरोलीला आलो. टेम्पोत सामान चढलं आणि ती बाटली आईच्या मांडीवर. इथेही ती सकाळी उठून शिळं पाणी ओतायची, माठ घासायची, ताजं भरायची. शेवटपर्यंत. फक्त ती बाटली सोडून. पाणी खाली गेलं की एक वाटी पाणी दोन दिवस उघडं ठेवून वरून घालायची. दर पावसाळ्यानंतर फवारणीची पोरं घरोघर यायची आणि मनीप्लांटची बाटली दिसली की सुरू व्हायची, “आजी, पाणी ओता, डेंग्यूची अळी होते यात. दर आठवड्याला बदलायचं असतं.” आई तोंडाला कापसाचा बोळा लावलेली बाटली त्यांच्यापुढे धरायची. “बघ, कुठंय अळी? दाखव. डास आत जाईल तर शपथ.” पोरं हसून जायची. मी चिडायचे, “आई, नवीन पाणी घातलं तर मरणार आहे का ते झाड?” ती म्हणायची, “झाडाचं कोण बोलतंय.” मग मी तो विषय काढणं सोडून दिलं. हसुरामही मध्ये कधी तरी गेल्याचं कळलं. खाडीवर आता फ्लेमिंगो बघायला लोक कॅमेरे घेऊन जातात. निवट्या परत आल्या की नाही, मला माहीत नाही.

यंदा ती गेली. तिला नेल्यावर सोसायटीतल्या बायका आल्या. दोघी-तिघी, नोकरीवरून अर्धी रजा टाकून आलेल्या. त्यातली एक दबकत म्हणाली, “ताई, आमच्याकडे पाणी ओततात. तुमच्यात असतं का?” मी म्हटलं, असतं. आणि मीच उठले. माठ ओतला, कळशी ओतली, फिल्टर रिकामा केला, बाथरूममधल्या बादल्या उपड्या केल्या. आईनेही सांगितलं असतं तर हेच सांगितलं असतं. देवघरातला तांब्याही ओतला. मग खिडकीपाशी आले.

ती बाई माझ्याकडे बघत होती. हात लावायचा नाही म्हणणारी माझ्यामागे कुणी नव्हती आता, आणि वडील गेले म्हणून ओतायचं नाही, आई गेली तरी ओतायचं नाही, असं मी कुणाला सांगत बसू? मी बोळा काढला. नाकाशी धरलं. नांगरलेल्या शेताचा वास आला. अजून. मग मी बाटली सिंकवर धरून उलटी केली.

दोन-चार थेंब पडले. मी हलवली. आणखी एक पडला आणि बस. इतक्या वर्षांत मुळांनी आतली सगळी जागा भरून टाकली होती. काचेला चिकटून, एकमेकांत गुंतून, बुडापासून गळ्यापर्यंत नुसती पांढरी मुळं. ओतायला पाणीच उरलं नव्हतं.

मी बाटली सरळ केली आणि परत खिडकीत ठेवली. मग एक वाटी पाणी घेतलं आणि शिळं व्हायला बाजूला ठेवून दिलं.